टाचणीबाईंनी जीप उंच केली

आमच्या समोरच्या घरात टाचणीबाई राहतात. हे नाव मी ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर छाती फुगवून सांगितलं असतं. बाई कपडे शिवतात, उसवलेले दुरुस्त करतात. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य टोचतच बाहेर येतं. त्यांचा नवरा स्वभावाने इतका जपून वागणारा, की पंखासुद्धा कधी पूर्ण जोरात लावत नाही. बाई त्याला ‘सरकार’ म्हणतात. ‘काळजीवाहू’ हा शब्द त्याच्या पुढे गल्लीने जोडला.

आता जे सांगतो त्यातलं निम्मं मी स्वतः पाहिलेलं आहे. उरलेलं बायकोकडून कळलं, म्हणजे ते जास्त खात्रीचं.

टाचणीबाईंची थोरली बहीण टेकडीवर एकटी राहते. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून भक्कम, फक्त गुडघे रुसलेले. त्या गुडघ्यांसाठी दर आठवड्याला तिला खाली डॉक्टरांकडे यावं लागतं. दरड कोसळली आणि टेकडीचा रस्ता अर्धा वाहून गेला. उरले ते नुसते धोंडे. भाड्याच्या गाड्या वर जायच्या बंद झाल्या. टाचणीबाईंकडे जुनी जीप आहे, चारही चाकांना जोर असलेली. पण शेवटच्या वळणावर मधोमध एक खडक वर आलाय, त्यावर जीपचं पोट टेकायचं आणि चाकं हवेत गरगर फिरायची. बाई तिथून मागे मागे घेत खाली यायच्या, आणि त्या दिवशी शिवायला दिलेले कपडे न्यायला जायची कुणाची हिंमत व्हायची नाही.

थोरलीच्या मुलाने मग शहरातून फर्मान काढलं. “आई, डॉक्टर खाली आणि तू वर. हे चालायचं नाही. रविवारी ट्रक घेऊन येतो, सामान बांधून ठेव.”

थोरली म्हणाली, “मी माझ्या घरातून हलणार नाही.”

“मग खाली डॉक्टरांकडे जाऊन परत वर येऊन दाखव. रविवारी, माझ्यासमोर. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही.”

हे बोलणं फोनवर झालं, भाच्याने मावशीलाही त्यात जोडून घेतलं होतं. टाचणीबाईंचा फोन स्पीकरवर लावून मशीनवर ठेवलेला होता आणि आमची मंडळी ब्लाउजचं माप द्यायला तिथेच उभी होती. त्यामुळे शब्दन् शब्द माझ्याकडे आहे.

बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. हे फार क्वचित घडतं. म्हणाल्या, “जीप उंच करायची.”

नाक्यावरचा गॅरेजवाला कामाने चांगला आहे, फक्त ‘नाही’ हा शब्द त्याला फार आवडतो. म्हणाला, “ताई, रविवारपर्यंत मला वेळ नाही. आणि हे घरी करायचं काम नव्हे. स्प्रिंगचे पाटे बदलायचे, शॉकअप बदलायचे... तुम्ही आपली शिलाई बघा.”

“शिलाईसुद्धा घरी करायचं काम नाही, असं माझे सासरे म्हणायचे,” बाई म्हणाल्या. “तुझा मोठा जॅक आणि गाडी टेकवायच्या घोड्या दे. परत करताना पुसून देईन.”

‘नाही’ म्हणत म्हणतच त्याने दोन्ही काढून दिलं.

जास्त बाक असलेले नवे पाटे आले, लांब शॉकअप आले, आणि गल्लीला करमणूक आली. मी खुर्ची फाटकाशी आणून ठेवली. बाईंनी सरकारांची जुनी पँट चढवली, कमरेला मापाची टेप बांधली आणि मागची बाजू जॅकवर घेतली. चेसिसखाली दोन्ही घोड्या लावून त्यांनी जीपला असा धक्का दिला, की सरकारांनी डोळेच मिटले.

“अगं, पडेल!”

“आत्ता पडली तर बरं. मी खाली गेल्यावर पडण्यापेक्षा.” जीप हलली नाही. बाई खाली सरकल्या. मग आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि बोलणं ऐकू येत होतं. बोलणं गंजलेल्या बोल्टांशी चाललं होतं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पान्यात पाइप अडकवून जोर लावला. एक बोल्ट मात्र काही केल्या सुटेना. बाई बाहेर आल्या, चहा प्यायल्या, त्या बोल्टकडे दुष्ट जावेकडे बघावं तसं बघत राहिल्या आणि पुन्हा आत गेल्या. कटकन आवाज झाला.

“तुटला?” सरकारांनी लांबूनच विचारलं.

“सुटला. तुम्ही शुभ बोला हो जरा.”

जुना पाटा बाहेर आला तो थकलेला, सरळसोट झालेला. नव्याला छान कमान होती. तो बसवताना मात्र दुखणं निघालं. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या दांड्यावरच्या, भोकात बरोबर बसावं लागतं, आणि अ‍ॅक्सल थोडा मागे सरकलेला. मी खुर्चीतून सल्ला दिला, “जोरात दाबा.”

“काका, जोराने बसवलेली बाही कधी नीट बसते का?” आतून उत्तर आलं. बाईंनी पट्ट्याने अ‍ॅक्सल हळूहळू पुढे ओढला, बोटाने चाचपला, आणि डोकं भोकात अलगद बसलं. मी पुढे सल्ला दिला नाही. निदान त्या दिवशी.

अ‍ॅक्सल लोंबत असताना सरकार वाकून बघत होते. अचानक म्हणाले, “ही ब्रेकची रबरी नळी... ताणली गेलीय का ग? धोंड्यावर चाक खाली गेलं आणि ही तुटली तर?”

सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नळीवर बोट ठेवलं. ती तारेसारखी ताठ होती. “सरकार,” त्या म्हणाल्या, “आज तुमची काळजी कामाला आली.” लांब नळी आणायला सरकार स्वतः गेले. मग ब्रेकमधली हवा काढायला पेडलवर पाय ठेवून तेच बसले. “दाबा... धरा... सोडा,” बाई खालून सांगायच्या आणि सरकार तंतोतंत पाळायचे. इतक्या वर्षांच्या संसाराचा सराव.

असं करत पुढच्या-मागच्या सगळ्या बाजू झाल्या. बाईंनी प्रत्येक बोल्ट अंगातली सगळी ताकद लावून आवळला आणि जीप खाली घेतली. काय रुबाब! खालून कुत्रं ताठ मानेने गेलं असतं.

बाईंनी फेरी मारली, आणि रुबाब उतरला. जीप लाकडासारखी कडक झालेली. बारीकशा खड्ड्यावर उसळी घ्यायची, प्रत्येक उसळीला करकरायची. सरकार बाजूला बसले होते, ते उतरले तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता. गॅरेजवाला बघायला आलेलाच होता. “सांगितलं होतं ना. थोरल्या ताईंचे गुडघे राहू द्या, मणकेसुद्धा जातील.”

शनिवार होता. फोन वाजला, भाचा होता. “मावशी, ट्रक ठरलाय. आईला समजाव.” बाई म्हणाल्या, “ये तू,” आणि फोन ठेवला. आमची मंडळी सांगते, की त्यांचा आवाज तेव्हा ओला होता. मला तसं वाटलं नाही. मला तो रागावलेला वाटला, आणि राग स्वतःवरचा होता.

त्या पुन्हा खाली सरकल्या. पाट्यांची टोकं चाचपत राहिल्या. पाट्यांच्या टोकांना रबरी बूश असतात, बोल्ट त्यांतून जातो. ती रबरं पिळवटलेली दिसत होती, घट्ट मुरगाळलेल्या फडक्यासारखी. मग खालून एकदम, “अरे देवा! मी गिऱ्हाईक उभं न करताच शिवण पक्की केली की!”

“काय झालं?” आम्ही सगळे एकदम वाकलो.

“गाडी हवेत लोंबत असताना मी टोकांचे बोल्ट आवळले. मग गाडी खाली बसली, पाटे वाकले, पण रबर तिथेच चिकटून राहिलं. आता ते हलूच देत नाही. आधी वजन, मग आवळणं. एवढं साधं, आणि मी शिंपीण!”

गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं. “बरोबर आहे. मी सांगणारच होतो.” त्याच्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही.

टोकांचे सगळे बोल्ट सैल झाले. जीप आपल्या चाकांवर उभी. बाई म्हणाल्या, “बसा सगळे. उद्या जेवढं वजन असेल तेवढं आत्ताच पाहिजे.” सरकार मागे, मी मागे. पुढच्या सीटवर थोरलीच्या जागी कोण? बाईंनी गल्लीवर नजर फिरवली आणि आमच्या मंडळींना हाक मारली. “काकू, तुम्हीच बसा. तुमचं बरोबर जमेल.”

काकू बसल्या. पण ‘तुमचं बरोबर जमेल’ हे वाक्य त्यांनी अजून माफ केलेलं नाही, आणि मी हसलो होतो हेही नाही. आम्ही जागच्या जागी डुललो, पाटे बसले, बाईंनी बोल्ट आवळले. मग फेरी. जीप खड्ड्यातून अशी गेली, जशी म्हैस पाण्यात शिरते. करकर नाही, उसळी नाही. गॅरेजवाला गुपचूप टॉर्च घेऊन खाली गेला, प्रत्येक नट तपासून आला आणि म्हणाला, “जा तुम्ही.” त्याच्या तोंडून ‘हो’ एवढाच निघतो.

रविवारी भाचा ट्रक घेऊन आला. टेकडीच्या पायथ्याशी ट्रकवाल्याने धोंडे पाहिले आणि इंजिन बंद केलं. “साहेब, माझी गाडी वर जाणार नाही.” भाचा पायी निघणार, तेवढ्यात आम्ही पोचलो. “बस मागे,” मावशी म्हणाली. तो माझ्या शेजारी बसला.

शेवटचं वळण आलं. तो खडक आला. बाईंनी गिअर खाली घेतला आणि पुढची दोन्ही चाकं धोंड्यांवर चढवली. सरकारांनी माझा हात धरला. जीप तिरकी झाली, पुढचं एक चाक खड्ड्यात पार खाली गेलं, आणि खडक आमच्या पोटाखालून निमूट मागे गेला. कुठे घासलं नाही. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

थोरली अंगणात उभी होती. तिने जीप खालपासून वरपर्यंत पाहिली. “गाडी उचललीत, छान केलंत. आता मला कोण उचलणार?”

खरंच, दार तिच्या कमरेशी आलं होतं. एवढ्या खटाटोपात जिच्यासाठी जीप उंच केली तिचे गुडघे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. भाचा हळूच म्हणाला, “आई, राहू दे ना. पुरे झालं.”

“तू गप रे. ओट्याला लाव ग तुझी गाडी.”

घराचा ओटा उंच, दगडी. टाचणीबाईंनी जीप पुढे-मागे घेत दाराच्या बाजूने ओट्याशी अशी भिडवली, की मध्ये टाचणी शिरली नसती. थोरली काठी टेकत, पायऱ्या नसलेल्या मागच्या दाराने घरात शिरून ओट्यावर आली आणि समोरच्या खोलीत जावं तशी सीटवर जाऊन बसली.

खाली डॉक्टरांच्या शेजारी सिमेंटचं गोदाम आहे, त्याला माल चढवायचा धक्का. तिथे जीप लागली. थोरली हमालांच्या मधून उतरली. “मी पोतं नाही, बाजूला व्हा,” म्हणाली. गुडघे दाखवून आली, त्याच धक्क्यावरून परत चढली. वर जाताना तो खडक पुन्हा निमूट पोटाखालून मागे गेला.

ओट्यावर पाय ठेवल्यावर थोरलीने मुलाकडे पाहिलं. तो दरीकडे बघत म्हणाला, “पावसात कसं करणार?”

“पावसात बघू,” टाचणीबाई म्हणाल्या.

“मावशी, दर आठवड्याला येणार तू?”

“नाहीतर पाटे कशाला बदलले?”

भाच्याने खिशातून फोन काढला आणि पायथ्याशी थांबलेल्या ट्रकवाल्याला सांगितलं, “तुम्ही रिकामे जा.” थोरली तोवर आत गेली होती. आतून ओरडली, “जेवून जा सगळे! आणि न जमलं तर म्हणून सामान बांधून ठेवलंय, त्याच्या दोऱ्या सोडायला कुणीतरी या, माझ्याने आता वाकवत नाही.”