शेवटच्या कडव्यातली नावं

मारोती खिल्लारे तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात पिंपं धुवायचा. आज कुठल्या रंगाचा माल निघाला हे बघायला आम्हां टाइम ऑफिसवाल्यांना आत जावं लागत नसे. मारोतीचे हात पाहिले की झालं. सोमवारी कोपरापर्यंत हिरवा, गुरुवारी पिवळा. हजेरीच्या रजिस्टरवर त्याची सही कधी शोधावी लागली नाही.

मूळचा परभणीकडचा. नावड्याला एका खोलीत तो, बायको दुर्गाबाई, दोन मुली आणि एक हार्मोनियम असे राहत. जागा अडवण्याच्या बाबतीत हार्मोनियम ही थोरली मुलगीच.

हा माणूस गाणी करायचा. लिहायचा असं म्हणत नाही, कारण लिहिणं फार मागाहून व्हायचं. आधी तो रिकाम्या पिंपात डोकं घालून चाल बसवी. दोनशे लिटरच्या त्या पिंपात आवाज असा घुमे की एकदा मॅनेजरसाहेब भोंगा वेळेआधी का झाला म्हणून बाहेर आले होते.

चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या वस्तीत गायन पार्ट्या होतात. त्यात एक रीत पक्की असते: गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव घालतो. मारोतीही नाव घालायचा, पण दुसऱ्याचं! कँटीनच्या दत्तूनं गावाकडच्या दुष्काळाची हकिकत सांगितली, तर गाण्याच्या शेवटी 'सांगे दत्तू'. वॉचमन किसननं सांगितलेल्याला 'म्हणे किसन'. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "भाऊसाहेब, कापड त्यांचं. म्या नुस्तं शिवलं. शिंप्याचं नाव कोन लावतंय सदऱ्यावर?"

शहाऐंशी साली मारोतीनं ठरवलं की स्वतःच्या आठ गाण्यांची कॅसेट काढायची. कुठल्या कंपनीच्या दारात जायचं नाही, सगळं आपलं आपण. चेंबूरला एका स्टुडिओत रविवारची सकाळ मिळाली. ढोलकीला पॅकिंगमधला शिवा. प्रती काढून दुकानांत पोचवायचं काम नंदकिशोर नावाच्या कॅसेटवाल्यानं घेतलं. त्यानं गाणी ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"कव्हरवर एकट्या तुमचं नाव, आणि आत आठ जणांची? उद्या हे आठ जण माझ्या दुकानावर येऊन बसले तर? फुकटचं टेन्शन! शेवटच्या ओळी बदला नायतर प्रत्येकाची लेखी परवानगी आणा. ज्याची नसेल ते गाणं कॅन्सल."

घरी दुर्गाबाईला ही संधीच वाटली. "अवो, बरं झालं की! घाला की आता तुमचं नाव. आठात एकदा तरी. उद्या पोरींनी कॅसेट लावली, तर बाप हाय कुठं त्यात?"

दुसऱ्या दिवशी वहीची पानं फाडून मारोती सह्या गोळा करायला निघाला. सात मिळाल्या. दत्तूनं तर आनंदाच्या भरात दोनदा सही केली.

आठवी राहिली बयाबाईची. ही नावड्याचीच म्हातारी. कारखान्याच्या गेटबाहेर सुकट विकायची. ती बसायची तिथून हाकेच्या अंतरावर पूर्वी तिचं शेत होतं. तिचं गाणं आठांत सगळ्यांत भारी. पिंपातून ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं पंचिंग कार्ड तसंच राहिलं होतं:

भात होता कमरेएवढा, तिथं धुराडं उभं राही,
माझ्याच बांधावर मला हटकलं, सांगते बयाबाई.

मारोतीनं कागद पुढे केला. बयाबाईनं हात पदराखाली घेतला.

"अंगठा नाय देनार."

"मावशी, नुसतं गाण्यापुरतं हाय."

"शेताच्या टायमालाबी नुसतंच व्हतं. आमच्या म्हाताऱ्यानं अंगठा दिला न सकाली तारेचं कुंपन. आता गानं पन नेशील काय?"

मारोतीनं कागद खिशात घातला. दुसरा कुणी असता तर समजावत बसला असता. हा म्हणाला, "बरोबर हाय तुमचं, मावशी." आणि वळला. सातच गाण्यांची कॅसेट होणार, आणि त्यातलं सोनंच बाहेर राहणार. पाठमोऱ्या मारोतीला म्हातारीनं हाक मारली.

"अरं, थांब! मला तिथं ने. त्या शेटला मी तोंडानं सांगते."

रविवारी स्टुडिओत आम्ही सगळे हजर. गुबगुबीत भिंतींना बयाबाईनं आधी बोट लावून पाहिलं. "गादी उभी कशाला केली रं?" नंदकिशोरचा मात्र हट्ट कायम. "आजी, तोंडी नाही चालत. पुरावा पाहिजे."

काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारे विलासराव म्हणाले, "अहो, पुरावा धरायचंच तर मशीन आहे हे! बोलू द्या त्यांना."

बयाबाईला माइकपुढे उभं केलं. शिवानं ढोलकी मांडीवर दाबून धरली. गेटवर सुकटीच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी ती बोलली:

"मी नावड्याची बयाबाई. ह्ये गानं या मारोतीनं केलंय. मी निस्ती रडलेली व्हते त्याच्यापुढं. त्यानं ते मापात बसवलं. माझं त्याला सांगनं हाय, का गा."

आयुष्यभर लोकांची नावं गात आलेला हा पिंपं धुणारा माणूस हेडफोनमधून पहिल्यांदा स्वतःचं नाव ऐकत होता. त्याचे निळे हात हार्मोनियमवर तसेच राहिले. मी टाइम ऑफिसमध्ये हजारो माणसांची नावं लिहिली. एखादं नाव असं ऐकू येतं हे मला ठाऊक नव्हतं.

नंदकिशोरनं हळूच रुमाल काढला आणि ए.सी.ला शिव्या दिल्या.

विलासरावांनी विचारलं, "आजी, थोडा श्वास लागला. पुन्हा घेऊ या?"

"पुना कशाला? मी काय खोटं बोलले?"

कोपऱ्यातून दुर्गाबाई पुढे आली. "मावशी, आडनाव ऱ्हायलं."

बयाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग मारोतीकडे, आणि पुन्हा माइककडे तोंड केलं.

"खिल्लारे," ती म्हणाली. "मारोती खिल्लारे. आता वाजव रं."