विहिरीवर थांबलेला पिक्चर

दिगंबर गेल्याचा फोन घाटनांदूरहून त्याच्या मुलाने सकाळीच केला. झोपेतच गेले, म्हणाला. मी सुमनला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती कणीक मळत होती. हात तसेच परातीत ठेवून म्हणाली, "पिक्चर अर्धाच ऱ्हायला की वो..." आदल्या दिवशी दिगू आमच्या अंबाजोगाईच्या घरी तिला एक नवा पिक्चर सांगत होता. मध्यांतराचा चहा प्याला आणि संध्याकाळची बस चुकेल म्हणून उठून गेला. मला दुःख झालंच, चाळीस-पन्नास वर्षांचा दोस्त होता. पण त्या दुःखाला खेटून माझी जुनी जळजळही येऊन बसली. मी गेलो तर हिचं काय अर्धं राहणार आहे?

दिगू आणि मी कॉलेजात एका बाकावरचे. तो बागायतदाराचा मुलगा, अंगाने भरलेला, बोलण्यात कुणाला न ऐकणारा. पंचायत समितीच्या निवडणुकीत पडला, तरी गळ्यात हार घालूनच घरी गेला होता. मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि पेपराच्या याच पुरवणीत, जिथे तुम्ही हे वाचताय, बरीच वर्षं सिनेमावर लिहिलं. आमच्या तरुणपणी गावातल्या सगळ्यांना थिएटर परवडत नसे, म्हणून तालुक्याला जाऊन जो पिक्चर बघून येई त्याने तो गावाला सांगायचा असा रिवाज होता. घाटनांदूरला हे काम दिगूचं. ओसरीवर माणसं जमली की आधी कंदील बारीक करायला लावायचा. बरोबर मध्यावर थांबून चहा मागायचा, आणि कप हातात येईपर्यंत नायिका नदीत पडलेली असली तरी तशीच ठेवायचा. मीही तोच पिक्चर त्याच्या शेजारी बसून पाहिलेला असे, पण मला कुणी सांगायला बोलवलं नाही.

तेव्हाचे पिक्चरही सांगण्यासारखे होते म्हणा. नायिकेला तार आली की कॅमेरा तिच्या तोंडावर थांबायचा. ती तार उघडायची, वाचायची, भिंतीचा आधार घ्यायची, मागे सनई रडायची, आणि मग कोण गेलं ते आपल्याला कळायचं. तोवर शेजारी सुमनचा पदर भिजलेला असायचा. ती चकलांब्यासारख्या खेड्यातली, लग्नाआधी जत्रेतल्या तंबूत पिक्चर पाहिलेली, त्यामुळे तिला थिएटरची फार हौस. पुढे सगळंच हळूहळू बदललं. फोन वाजतो, गाडी वळते, एक डोळा, एक बंदूक, पुन्हा गाडी... कॅमेरा माणसामागे हलत पळतो आणि तोंड पुरतं दिसायच्या आत दृश्य तुटतं. मी लेखांतून या बदलाचं स्वागत केलं होतं. प्रेक्षक आता सुजाण झालाय, त्याला सगळं भरवावं लागत नाही, असं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. सुमनला कानाच्या दुखण्यामुळे चक्कर येते. असल्याच एका पिक्चरमध्ये ती डोकं धरून उठली, बाहेर पायरीवर बसून ओकली, आणि पुन्हा थिएटरात गेली नाही.

मग दिगूने आमच्या घरात आपलं दुकान मांडलं. नवा पिक्चर लागला की तो आधी बघायचा आणि तसाच आमच्याकडे यायचा. "वैनी, पंखा बंद करा, लई आवाज करतो. आन् ती टूबलाइट मालवा." खिडकीजवळची वेताची खुर्ची त्याची. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसायचो, कान बाहेर. धावता पिक्चर तो जुन्या चालीने सांगायचा. पडद्यावर चुटकीसरशी उरकलेल्या मारामारीआधी हा त्या माणसाला पायातले जोडे काढायला लावायचा, तांब्याभर पाणी प्यायला द्यायचा. सुमन हुंकार देत ऐकायची. माझे लेख मी तिला वाचून दाखवायचो, तेव्हा कधी हुंकार आल्याचं आठवत नाही. एकदा मी मुद्दाम तोच पिक्चर बघून आलो आणि तिला म्हणालो, "त्यातला चोर आईला भेटायला जातच नाही. दिगू थापा मारतो."

ती भाजी निवडत होती. "मला ठावं हाय," म्हणाली. "पन आईला न भेटताच मेला तर मला त्याचं वाईट कावून वाटावं?"

दिगूलाही मी छेडलं. तो खुर्चीत रेलून हसला. "तू बघितलास ना पिक्चर? मग गप बस बे. वैनीला बघू दे." त्या बोलण्याचा मला अजूनही राग येतो.

तो गेल्यावर तो अर्धा पिक्चर मी जाऊन पाहिला. काही सुटू नये म्हणून दुसऱ्यांदाही पाहिला. उरलेला सांगू का, असं सुमनला विचारत राहिलो. ती नको म्हणायची. "तुमी सांगता तवा पिक्चर कसा हाय ते समजतं. पिक्चर दिसत न्हाई." मग मागच्या आठवड्यात तिन्हीसांजेला तिने आपणहून चहा केला, पंखा बंद केला, टूबलाइट मालवली. मी खुर्चीकडे वळलो. "तिथं नका बसू," ती म्हणाली. मी स्टूल ओढलं.

"कुठवर आलं होतं?"

"त्या पोलिसाला कळलंय की चोर आपलाच भाऊ हाय. भाऊजींनी त्याला विहिरीवर बसवलाय, पाण्यात पाय सोडून. तिथून उचला."

आता तो अख्खा पिक्चर परदेशात घडतो. त्यात नुसत्या उंच इमारती आणि गाड्या आहेत. विहीर नाही, आणि कुणाला भाऊही नाही. दोनदा पाहूनही पुढे काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते दिगूला, आणि तो तर निघून गेलेला. मी चहाचा घोट घेतला आणि त्या पोलिसाला विहिरीवरून उठवू लागलो.

"घाई नका करू," सुमन म्हणाली. "बसू द्या त्याला जरा."

मी थांबलो. मग त्याला पाण्यात एक खडा टाकायला लावला. बऱ्याच वेळाने अंधारातून सुमनचा हुंकार आला... माझ्या आयुष्यातला पहिला. मी तिच्याकडे पाहिलं. तोंड तिचं वेताच्या खुर्चीकडे होतं.