अंगणातलं इनडायरेक्ट

कसबा बावड्याच्या आमच्या घरी पूर्वी जिथे म्हैस बांधलेली असायची, तिथे आता इंग्रजीचा वर्ग भरतो. गोठ्यावर नवा पत्रा घातला, खाली फरशी बसवली, गव्हाणीच्या भिंतीवर फळा ठोकला आणि शाळेतून निवृत्त झालेली माझी आई तिथे दहावीच्या मुलांना शिकवू लागली. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास थेट फळ्यापर्यंत येतो. मुलं नाक मुरडतात. आई म्हणते, "नाकानं लिहायचंय काय तुम्हाला?"

तिचा लाडका धडा म्हणजे डायरेक्टचं इनडायरेक्ट. पोरं कुठे घसरणार हे तिला तोंडपाठ आहे. ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ करतात, पण तो ‘टू’ काही त्यांच्याकडून सुटत नाही. प्रश्न असला तरी ‘दॅट’ घुसडतात आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठोकून मोकळे होतात. ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ करायला विसरतात. पण सगळ्यांत मोठी गफलत ‘मी’ची. "तो म्हणाला, मी येतो," असं आपण मराठीत बिनदिक्कत सांगतो आणि कुणाचं काही अडत नाही. पोरं तेच इंग्रजीत जसंच्या तसं उतरवतात. मग आई खडू रोखून विचारते, "आता येणार कोण? तो का तू?"

वर्ग हसतो. हसू ओसरलं की ती सांगते, "आधी बघा, बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि निरोप सांगणारा कोण. ही तीन माणसं ओळखलीत की निम्मं काम झालं."

ती तीन माणसं आमच्या घरातच होती. बाबा, थोरले काका आणि मधे आई.

आमचं अंगण एक आणि घरं दोन, समोरासमोर. काका बाबांहून मोठे, मूलबाळ नाही. एका दुपारी बाबा कामावर असताना त्यांनी म्हैस विकून टाकली. ती आटली होती, विकणं शहाणपणाचंच होतं, हे बाबाही नाकारत नव्हते. पण दूध देत होती तोवर तिची धार रोज बाबा काढायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन बघतात तर दावं मोकळं. "विचारलं न्हाईस," एवढंच ते म्हणाले. "तुला काय विचारायचं?" असं काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

पण आमच्याकडचा अबोलाही मोठ्या आवाजात चालतो. बाबा ओसरीवरून ओरडायचे, "त्याला म्हणावं, मोटार बंद कर की! पाणी चाललंय वाया!" काका समोर खुर्चीत बसलेले. शब्द न् शब्द त्यांच्या कानावर पडलेला, पण माणूस ढिम्म. मग आई अंगणाच्या मधोमध जाऊन सांगायची, "भावजी, टाकी भरली बघा." तेव्हा कुठे काका उठायचे आणि म्हणायचे, "त्याला सांग, मला डोळं हाईत." आई बाबांकडे वळायची. "करतायत बंद." हे वर्षानुवर्षं चाललं. काकू गेल्यावर काकांचं जेवण आमच्याकडूनच जाऊ लागलं, तरी भाजीत मीठ कमी असल्याची तक्रारसुद्धा बाबांपर्यंत आईच्याच तोंडून पोचायची.

आधी मला या प्रकाराचं हसू यायचं. पुढे लग्न होऊन आजऱ्याला गेले, सासर आणि माहेर यांच्या मधे उभं राहणं म्हणजे काय ते कळलं, आणि मग हसण्याच्या जागी निव्वळ अचंबा आला. वर्गात एका ‘टू’साठी मार्क कापणारी ही बाई अंगणात अख्खी वाक्यं उलटीपालटी करायची. हुकूम असेल तर ‘ऑर्डर्ड’ आणि विनवणी असेल तर ‘रिक्वेस्टेड’, असं ती मुलांना बजावायची. अंगणात मात्र तिच्याकडे ‘ऑर्डर्ड’ नव्हतंच. एका ओसरीवरून निघालेला शेलका शब्द दुसऱ्या ओसरीवर पोचेपर्यंत साधा निरोप झालेला असायचा. आणि गंमत म्हणजे निरोप खोटा नसायचा. टाकी खरंच भरलेली असायची.

एकदा मी तिला डिवचलं, "अर्थ बदलायचा नाही, असं तूच शिकवतेस ना?"

"अर्थ कुठं बदलला?" ती म्हणाली. "मोटार बंद झाली की."

गेल्या हिवाळ्यात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ते नीट पार पडलं, हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या सकाळचं. या वयात जोखीम आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी आजऱ्याहून गाडी घेऊन आले होते. बाबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "त्याला विचार, गोळ्या घेतल्या काय." "त्याला विचार, स्वेटर घेतला काय." आई ये-जा करत होती. तुम्हीही चला की दवाखान्यात, असं मी म्हटलं तर बाबा उसळले, "त्यानं बोलावलंय व्हय मला?" मला धडकी भरली होती ती ऑपरेशनपेक्षा याचीच. काही बरंवाईट झालं असतं, तर दोन सख्ख्या भावांचं शेवटचं थेट बोलणं त्या म्हशीवरचंच राहिलं असतं.

निघायची वेळ झाली. मी चालवायला पुढे बसले, काका मागे, आणि आई गाडीच्या दाराशी फ्लास्क घेऊन उभी राहिली. सकाळच्या बॅचची मुलं वर्गात येऊन बसली होती. ओसरीवरून बाबांचा आवाज आला, "त्याला सांग, भ्याचं कारण न्हाय म्हणावं."

आई हलली नाही. तिला ऐकू गेलं नसावं, असं मला वाटलं. बाबांनी परत सांगितलं, या वेळी जरा हळू.

"हे मला सांगता यायचं नाही," आई म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा."

वर्गातली मुलं दारात येऊन बघू लागली. बाबा तसेच उभे राहिले. मग अनवाणीच अंगणात उतरले, गाडीपाशी आले आणि खिडकीवर हात ठेवून म्हणाले, "दादा, भ्याचं न्हाय."

आणि काका आईकडे बघू लागले.

भावाचा चेहरा हातभर अंतरावर होता, पण सवयच अशी जडलेली की आईनं सांगितल्याशिवाय ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. ते वाट बघत होते. आई ओठ घट्ट मिटून उभी होती. न राहवून मीच सांगून टाकणार होते, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प बसले. आयुष्यभर जिनं एकही निरोप अडवला नाही, ती तो एक निरोप अडवून उभी होती. इतकी ताकद मी आजवर कुणात पाहिलेली नाही.

"त्याला म्हणावं..." काकांनी सुरुवात केली आणि थांबले. मग हळूच मान वळवून बाबांकडे बघितलं. "तू भ्यालाईस न्हवं?"

"व्हय," बाबा म्हणाले.

काका सीटवर पलीकडे सरकले. "मग बस की."

बाबा तसेच, चप्पल न घालता, आत बसले. फ्लास्क आईच्याच हातात राहिला. आरशात ती मला अंगणाच्या मधोमध, तिच्या नेहमीच्या जागी दिसली, आणि तिच्यामागे वर्गाच्या दारात गोळा झालेली मुलं. ती पदरानं डोळे पुसत होती. मलाही रस्ता धड दिसत नव्हता.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग बाबांनी विचारलं, "कुणाला दिलीस तिला?"

"नेसरीच्या एका पावण्याला."

"नेताना वरडली काय?"

"लई," काका म्हणाले. "कोपऱ्यापतोर मागं वळून बघत हुती. तुलाच हुडकत असंल."

"हे कधी सांगितलं न्हाईस."

काका खिडकीबाहेर बघत होते. "असलं कुणाकडनं सांगून धाडायचं रं?" ते म्हणाले.