माझे तीन वाघ आणि धोट्याचा एक

धोट्या खाली मान घालून चालायचा. कॉलेजच्या आवारात, नागपुरात बर्डीच्या गर्दीत, रामटेकच्या गडाच्या पायऱ्यांवर, कुठेही. भेटेल तो विचारायचा, काय हरवलं गा? तो शांतपणे म्हणायचा, "हरवलं काहीच नाही, सापडूनच राहिलं." आणि मग सांगायचा, इथून आत्ता मुंगूस गेलं, किंवा या कुत्र्याचा मागचा पाय दुखतो आहे. दहा पावलांवर ते लंगडं कुत्रं खरोखर बसलेलं असायचं. मला त्याचा हा प्रकार अजिबात आवडायचा नाही. मी मान ताठ ठेवून, वडिलांनी घेऊन दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवून चालायचो आणि मला काही म्हणजे काही दिसायचं नाही.

'धोट्या' हे नाव मीच ठेवलं होतं, आणि प्रेमाने ठेवलं नव्हतं. त्याचं घर उमरेडला. वडील आणि काका हातमागावर करवतकाठी लुगडी विणायचे. मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा, आणि हा पठ्ठ्याही दर शनिवारी उमरेड, दर सोमवारी नागपूर, असा एस.टी.ने धावत असायचा. पहिल्या दिवशी मी वर्गात सगळ्यांसमोर त्याला धोट्या म्हटलं, तर तो मनापासून हसला आणि म्हणाला की हे नाव चांगलं आहे, घरच्यासारखं वाटतं. टोमणा मारावा आणि समोरच्याने तो अंगाला लावून न घेता खिशात घालावा, याच्यासारखा अपमान नाही.

आम्ही एम.एस्सी.ला होतो, प्राणिशास्त्राला. शेवटच्या वर्षी वन्यजीव आणि परिसर हा खास विषय घेणारे आम्ही मोजून सहा जण. सत्तरीचं दशक होतं, लोकांना हा विषयच कळायचा नाही. माझ्या एका मामांनी तर सर्कशीत जाणार का म्हणून विचारलं. पण आमचे सर या विषयाने झपाटलेले होते. उन्हातान्हात आम्हाला जंगलात हिंडवायचे, हरणाच्या लेंड्या मोजायला लावायचे, एका झाडावर किती जातींचे किडे आहेत ते लिहायला लावायचे. या सरांच्या हाताखाली संशोधनाची एकच जागा होती, शिष्यवृत्तीसकट. बी.एस्सी.ला मी विद्यापीठात पहिल्या पाचांत आलो होतो. ती जागा माझीच, असं मी धरून चाललो होतो. धोट्या येईपर्यंत.

त्याची नजर कुठून आली हे मी एकदा चिडूनच विचारलं. त्यात काय, तो म्हणाला, पाच वर्षांचा होतो तेव्हापासून ताण्यातला तुटलेला धागा शोधायचं काम माझं. हजारभर धागे एकसारखे, त्यातला एक ढिला. "नाही दिसला तं बाबा कानाखाली लावत. मंग डोळे आपोआपच शिकतात." मला लहानपणी कुणी कानाखाली लावली नव्हती, याचंही मला त्या दिवशी वाईट वाटलं. इतका मी जळत होतो.

घरी तर विचारू नका. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी तो महिन्यातून एकदा जेवायला यायचा. आई वडाभात करायची, आणि तो ताटात एक शीत न ठेवता जेवायचा, मग स्वतःचं ताट स्वतः उचलायचा. आई त्याच्या पाठीमागे मला म्हणायची, "पाहा, कसं वळण आहे त्या पोराला." माझी आई, माझ्याच घरात. एकदा तिचा चष्मा सापडत नव्हता, मी अर्धा तास शोधला. हा आला आणि तुळशीजवळून घेऊन आला. फुलं तोडताना काढून ठेवला असेल, असं त्याला वाटलं म्हणे.

शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात वाघांच्या मोजणीला आम्हाला नेलं. उमरेडच्या पुढे एक नाला होता आणि त्याच्या दोन्ही काठांचं जंगल तोडायला काढायचं घाटत होतं. सर त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होते. तिथे वाघ किती आहेत हे दाखवणं त्यांना फार गरजेचं होतं. मोजायची रीत अशी, की पावलाच्या ठशावर काच धरायची, काचेवर पेनाने बाहेरची रेघ काढायची आणि मग ती कागदावर उतरवायची. ज्याच्या त्याच्याकडे नाल्याचा एकेक तुकडा दिला होता. जो काम नीट करेल त्याचं नाव जागेसाठी जाणार, हे सरांनी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. धोट्याकडे आणि माझ्याकडे एकच तुकडा आला.

तीन दिवसांत मी ठसे घेऊन तीन वाघ काढले. पाण्याजवळच्या चिखलात मोठा रुंद पंजा, तो नर. वाटेवरच्या धुळीत लांबट पंजा, ती मादी. आणि कडक मातीत त्याहून लहान, ते वाढतं पिल्लू. मला आकाश ठेंगणं झालं. धोट्याने माझे कागद पाहिले आणि मला बाजूला, पळसाखाली नेलं. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "तीन नाहीत गा, एकच वाघीण आहे. हा तिचा पुढचा पाय, चिखलात पसरला. हे दोन्ही मागचेच, डावे. धुळीत मोठा उमटला, कडक जागी लहान. हे बोट पाहा, दोन्हीत जरासं वाकडं आहे."

मी पाहिलं. बोट वाकडं होतं. पुढचा पाय रुंद असतो आणि मागचा लांबट, हे मी स्वतः परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि तरी मी त्याला म्हणालो, "तू काहून जळून राहिला माझ्यावर?" मी, त्याला. तो म्हणाला की बरं, तू तुझं लिही, मी माझं लिहितो.

मी तीन लिहिले. बाकीच्यांच्या तुकड्यांत कुणालाच ठसा मिळाला नव्हता. पंधरा दिवसांनी सरांनी वर्गात सांगितलं, की नाल्याकाठी तीन वाघ निघाले, तोड थांबली, आणि संशोधनाची जागा मला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात धोट्याने वाजवल्या. त्याने आपल्या कागदाचा विषयही काढला नाही. मी मनात म्हटलं, सरांनी त्याचा कागद पाहिलाच नसेल, किंवा यालाच आपल्या आकड्याची खात्री नसेल. माणूस स्वतःची समजूत किती लवकर घालतो!

पुढे मी डॉक्टर झालो, त्याच विभागात शिकवायला लागलो. धोट्या उमरेडला शाळेत विज्ञानाचा मास्तर झाला. वर्षातून एकदा त्याचं पत्र यायचं, त्यात नाल्याची हकीकत असायची. तिला दोन पिल्लं झाली, यंदा पाणी लवकर आटलं, एका पिल्लाने सांबर मारलं. तो दर रविवारी सायकलने तिकडे जायचा. मी मात्र सभा, परीक्षा आणि कागदपत्रं यांत बुडालो होतो. जागा मला मिळाली आणि वाघीण त्याला, असं वाटून मी ती पत्रं अर्धी वाचून ठेवून द्यायचो. उत्तर चार ओळींचं लिहायचो.

बारा वर्षांनी सर वारले. त्यांच्या तेराव्याला धोट्या भेटला नाही, म्हणून मी पुढच्या रविवारी उमरेडला गेलो. खरं तर मला कबुली द्यायची होती. सर असेपर्यंत माझी हिंमत झाली नव्हती. त्याच्या ओसरीवर बसून मी सगळं सांगून टाकलं, की वाकडं बोट मला दिसलं होतं, मी जाणूनबुजून तीन लिहिले, ती जागा तुझी होती.

त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "सरायले माहीत होतं."

काय माहीत होतं, म्हणून मी विचारलं.

त्याने सांगितलं ते असं. त्याचा कागद सरांनी नीट पाहिला होता. त्याला एकट्याला बोलावून म्हणाले होते, की तू बरोबर आहेस, जागा तुझी. पण मग एकच वाघ लिहावा लागेल, आणि एका वाघासाठी कुणी तोड थांबवणार नाही. काय करायचं ते तू सांग.

"मंग मी म्हटलं, त्याचेच तीन राहू द्या," धोट्या म्हणाला. "अन् तीन ज्याचे, जागा त्याची. नाही तं लोक विचारतील ना, काहून नाही दिली म्हणून."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुले सांगितलं असतं तं तू घेतली असती का जागा?"

घेतली असती. मी घेतली असती, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं, पण तो माझ्यापेक्षा भला माणूस असल्याने त्याने तो प्रश्न तसाच सोडून दिला आणि बायकोला आणखी चहा टाकायला सांगितलं. मी चहा प्यालो. बारा वर्षं ज्या पापाच्या ओझ्याने मी वाकलो होतो, ते पापसुद्धा माझं एकट्याचं नव्हतं. तेही त्यानेच मला वाढून दिलं होतं. मला त्याची माफी मागता आली नाही, आभार मानता आले नाहीत. आत नुसती आग पेटली होती. एवढा मोठा माणूस हा, आणि मी का नाही?

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो काविळीने गेला. मी उमरेडला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याच्या बायकोने मला ओळखलं. म्हणाली, "तुमचं नाव लई घ्यायचे. म्हणायचे, नाल्याचं जंगल माह्या दोस्तानं वाचवलं." मी तिला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती मुलांना जवळ बोलावून म्हणाली, पाया पडा, हेच ते काका. दोघंही वाकली, आणि मी त्यांना पाया पडू दिलं.