माग चालूच राहिले

संस्थानं विलीन होत होती त्या वर्षी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सिंधमधून घरदार सोडून आलेल्या एका म्हाताऱ्यावर बुऱ्हाणपुरातल्या आमच्या राजपुरा पेठेनं अन्याय केला. गल्लीतून कुणाचीही तिरडी निघाली की इथल्या विणकरांचे माग थांबतात. त्या शांततेसाठीच मला बुऱ्हाणपूर आवडतं. त्या म्हाताऱ्याच्या बायकोची तिरडी निघाली, तेव्हा मात्र माग खडखडत राहिले.

"काका, बंद करा ना!" मी म्हटलं.

"अरे, ते कुठं आपल्या गावचे? चल, काम कर."

आमच्या दाराशी येऊन म्हाताऱ्यानं आत पाहिलं. माझी मान शरमेनं खाली गेली. संस्थानं देशात आली, आपली झाली म्हणून याच गल्लीनं पेढे वाटले होते!

मागवाल्यांनो, पुढची तिरडी कुणाची हे विचारू नका. आधी माग थांबवा.