नष्ट केलेला सडवा

आमच्या जिल्ह्यात दारू नाही. कायद्यानेच नाही. त्यामुळे माझ्या खाकी सदऱ्याला येणारा वास मोहाच्या दारूचा असूच शकत नव्हता, आणि तरीही त्या वासापायी माझी ड्यूटी बंद झाली. या दोन्ही गोष्टी मला एकाच माणसाने, एकाच खुर्चीत बसून सांगितल्या.

मी बसमध्ये कंडक्टर आहे. तळेगावहून आर्वीच्या बाजाराला निघालेले एक काका त्या दिवशी तिकीट घेताना माझ्याकडे वाकले, नाक वर केलं आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई पिऊन हाय!" बायकांनी नाकाला पदर लावले. रोज माझ्याजवळ सुनांच्या चुगल्या करणाऱ्याच बायका! मी ओरडले, "काका, नाक दाखवा डॉक्टरले." पण खरं सांगायचं तर काकांचं नाक ठणठणीत होतं. वास येत होता. मलाही येत होता.

तो आमच्या नळाचा वास. गावाच्या वरच्या अंगाला, नाल्याकाठच्या झुडपांत हातभट्ट्या लागतात. ड्रमात मोहफुलं, गूळ आणि नवसागर सडवतात, त्याला सडवा म्हणतात. भट्टीवाले उरलेला गाळ नाल्यात सोडतात. मग धाड पडते, आणि धाडवाले भरलेले ड्रमच त्याच नाल्यात उलटे करतात. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, सडवा नष्ट केला. नष्ट म्हणे! आमच्या नळाची विहीर त्याच नाल्याच्या काठावर आहे. उन्हाळ्यात तिचं पाणी तळाला जातं, तेव्हा तो नष्ट झालेला माल माझ्या घरच्या पाण्याच्या गुंडात येऊन बसतो. पंचायतीत विचारलं तर म्हणाले, ब्लीचिंग पावडर टाकली आहे. पाणी उकळून पाहिलं, तर घरभर वास सुटला. मी सदरे त्या पाण्यात धुते, आणि माझी लहान पोरगी तेच पिते. सदऱ्याचा वास मला नंतर कळला. झोपलेल्या पोरीच्या तोंडाचा आधी कळला होता.

डेपोचे साहेब बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. काकांची तक्रार पोहोचल्यावर त्यांनी मला मशीनमध्ये फुंकायला लावलं. मशीनने काहीच दाखवलं नाही.

"मशीनचं राहू द्या, वास येतोय ना," साहेब म्हणाले. "माफी लिहून द्या, मग ड्यूटी चालू करतो."

"साहेब, हा आमच्या नळाच्या पान्याचा वास हाय. वरतं नाल्यात सडवा सोडतेत."

"पाण्यात दारू? बाई, हा दारूबंदीचा जिल्हा आहे. इथे दारूच नाही."

"मंग मले मशीनमध्ये फुंकाले काऊन लावलं?"

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. न केलेल्या गोष्टीची माफी मी नवऱ्याला मागत नाही, मग हे साहेब कोण लागून गेले! तेवढ्यात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल दिसला. मूळचा पांढरा असावा.

"साहेब, टॉवेल लय मळला. धुऊन आनू का?"

साहेब हसले. बाई नरमली, असं त्यांना वाटलं असणार.

घरी तो टॉवेल मी माझ्या सदऱ्यासारखाच धुतला. साबण तोच, बादली तीच, पाणीही तेच. सासूबाई म्हणाल्या, "लोकायचे कपडे काऊन धुऊन राह्यली वं?" मी म्हटलं, "साहेबायचा पाहुणचार हाय." वाळवून, इस्त्री करून दुसऱ्या दिवशी तो खुर्चीवर लावला आणि समोर उभी राहिले.

कोरड्या कापडाला हा वास फारसा येत नाही. ओल लागली की उठतो. साहेब उन्हातून आले, तोंड धुतलं, टॉवेल ओढला आणि तोंड, मान, कान खसाखसा पुसले. मग थांबले. टॉवेल नाकाशी नेला. मग स्वतःचाच हात हुंगला.

"साहेब," मी विचारलं, "मशीन आनू का?"

दारातला शिपाई उगाचच खोकला. साहेबांचा चेहरा आधी तापला, मग उतरला. "हे पाणी तुम्ही पिता?" ते म्हणाले.

"आमी पेतो. माही पोरगी पेते."

त्यांनी तो कोरा कागद ड्रॉवरमध्ये टाकला. उद्यापासून ड्यूटीवर या, म्हणाले. नाल्याचं काय, असं विचारलं तर म्हणाले, ते आपल्या खात्यात येत नाही. मला हसूही आलं आणि रडूही. माझी नोकरी धुऊन निघाली होती, पाणी होतं तिथेच होतं.

साहेबांनी टॉवेल दोन बोटांत धरून शिपायाकडे दिला. "हा नेऊन कुठेतरी नष्ट करून टाक."

शिपाई मागच्या दाराकडे निघाला. डेपोच्या भिंतीमागेही एक नाला आहे. मी त्याच्या हातातून टॉवेल हिसकावला.

"नाल्यात नको टाकू, भाऊ," मी म्हटलं. "खाल्तं कोनाची तरी पोरगी पानी पेत असन."