मोबाइलवर पहिलं नाव धुळ्याच्या जावेचं

इकडे ये गं, बस अशी जवळ. मांडे खायला माझं जळगाव ओलांडून धुळ्याला गेलीस? वर मलाच सांगतेस, मोबाइलवर मांडे शोधले तर पहिलं नाव त्यांचं आलं म्हणून! सख्ख्या भाचीनं असं करावं?

धुळ्याचं ते नाव म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोघी एकाच सासूच्या हाताखाली शिकलो, आता दोघींचाही मांड्यांचाच धंदा. पुरणाची पोळी हातांवर झुलवत मोठी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. तिचे मांडे वाईट असते तर मी शांत झोपले असते. चांगले आहेत, तेच तर दुखतं. सकाळी चहाच्या आधी मी मोबाइल उघडते. ती वर, मी पार खाली. जीव जळतो नुसता.

मग एका माणसाचा फोन आला. "आजी, पैसे भरा. बऱ्याच वेबसाइटवर तुमच्या मांड्यांचं कौतुक येईल, सोबत तुमची लिंक. मग शोधणाऱ्याला तुम्हीच वर दिसाल."

"ते लिहिणारे जेवायला कधी येणार?"

तो हसला. "जेवायचं कशाला, आजी?"

"मग खाली जाहिरात म्हणून तरी लिहाल?"

"छे! मग उपयोग काय?"

खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला होता. आधी जावेला फोन लावला. "तू असंच केलंस का गं?"

"बठ्ठाच देतस, अक्का! सगळेच पैसे देतात, तुम्ही बी द्या," ती ठसक्यात म्हणाली.

आणि मला तिचाच राग आला. आपल्याकडे लग्नात मांडेवालीचं नाव जी सुचवते, ती स्वतः खापराजवळ येऊन उभी राहते. पहिला मांडा तोडून खाते, मगच पंगत बसते. बिघडलं तर बोलणी तिलाही खावी लागतात. माझं पहिलं काम शिंदखेड्याला, या जावेच्याच माहेरी होतं. नाव तिनंच सुचवलं होतं. धुरात डोळे पुसत उभी होती बिचारी. तिनं न खाणाऱ्यांचं कौतुक विकत घ्यावं?

त्या माणसाला मी नाही म्हटलं. म्हणून अजून खालीच आहे, आणि अजून जळतेच आहे.

तू लिहितेस ना मोबाइलवर? माझ्याबद्दल घरबसल्या काही लिहू नकोस. ये, चुलीपाशी उभी राहा, खा. नाही आवडलं तर तसंच लिही. पण पुन्हा लवकर ये बाई, आणि पुढच्या वेळी आधी जळगावला उतर.